चालेल म्हटलं, पळेल कुठे म्हटलं?

आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात त्याला सगळे साखऱ्या म्हणायचे. तो विक्रीच्या काउंटरवर, मी त्याच्या मागे दुरुस्तीच्या टेबलावर. मी त्याच्यावर जळायचे. हो, जळायचे! चुरगळलेला शर्ट, नाकावरून घसरणारा चष्मा, तरी गिऱ्हाईक आलं की थेट त्याच्याकडे. माझ्याकडे यायचं ते भांडायलाच.

भांडणाचं मूळ म्हणजे ते हिरवे स्टिकर. कमी ताकदीच्या कॉम्प्युटरवरसुद्धा चिकटवलेले असायचे, 'नवी सिस्टीम चालेल'. चालायची हो, म्हणजे सुरू व्हायची. पुढे माणसानं जांभया देत बसायचं. कुणी तक्रार केली की साखऱ्या चष्मा वर करून म्हणायचा, "काका, चालेल म्हटलं होतं, पळेल कुठे म्हटलं?" आणि काका चक्क हसायचे! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यातच काउंटरप्रमुखाची जागा रिकामी झाली. मला ती हवीच होती. आणि नेमकी माझ्या सुट्टीच्या दिवशी माझी सख्खी ताई भरतकामाच्या नक्ष्या काढायला त्याच्याकडून तसलाच स्टिकरवाला कॉम्प्युटर घेऊन गेली. वर मलाच सांगते, "किती गोड बोलतो गं तो!"

थोड्याच दिवसांत ताई रडकुंडीला आली. एक नक्षी उघडायची म्हटलं तरी कॉम्प्युटर ढिम्म. मी तोंडानं "अगं बाई!" म्हटलं, पण आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तिला हाताला धरून मालकांपुढे उभी केली. मालकांनी तिला दुसरा कॉम्प्युटर दिला, मला प्रमुख केलं आणि साखऱ्याला माझ्या जुन्या टेबलावर बसवलं. स्टिकर मात्र तसेच राहिले.

पहिल्याच दिवशी एक बाई आल्या. हिरव्या स्टिकरवर बोट ठेवून म्हणाल्या, "मुलीचं चित्रांचं काम यावर चालेल ना?"

मी ठासून सांगितलं, "नुसता सुरू होईल. काम व्हायचं नाही. तो पलीकडचा घ्या."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "महागातला गळ्यात मारताय होय?" मग माझ्या खांद्यावरून मागे बघत त्यांनी विचारलं, "काय हो दादा, चालेल ना हा?"

साखऱ्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर ठेवला, चष्मा वर केला. आता हा माझं नाक कापणार, अशी माझी खात्रीच झाली.

"मॅडम म्हणतात ते खरंय, मावशी. पलीकडचाच घ्या."

"मग द्या तोच," बाई लगेच म्हणाल्या, तेही त्याच्याकडेच बघून.

माझं खरंसुद्धा विकायला तोच लागला, मेला!