नानांची गाणी असलेला पेन ड्राइव्ह

आठवीत शाळा सुटली आणि चंद्रपूरकडचं गाव सोडून मी जळगावात आले. अक्कांनी त्यांच्या फोटो स्टुडिओमागची खोली मला राहायला दिली, कॉम्प्युटरवर बसवलं. ते उपकार फिटायचे नाहीत. त्यांचा माझ्यावर भरवसा राहावा, एवढ्यासाठी मी जपून जपून वागते.

लग्नाचं शूटिंग पेन ड्राइव्हमध्ये भरून देणं हे माझं काम. भरून झालं की आतलं काही उडू नये म्हणून स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर दाबायचं आणि 'आता काढू शकता' असं आल्यावरच हात लावायचा, गिऱ्हाईक दारात गाडी चालू ठेवून उभं असलं तरी. चोपड्याचे एक आबा म्हणाले होते, एवढ्या वेळात आमची वरात घरी पोचली असती.

मग कॉलेजात शिकणारी एक पोरगी अर्धा दिवस कामाला येऊ लागली. ती पेन ड्राइव्ह सरळ उपटायची. गिऱ्हाईक खूश, वर हसणं-खिदळणं, आणि बिघडायचं कधीच काही नाही. एखादी वरात तरी गायब व्हावी, असं मला वाटायचं. उपटू नको गं, असं तिला येता-जाता सांगायचे, ते काही नुसत्या काळजीपोटी नव्हे.

एक दिवस अक्कांनी नानांचा, म्हणजे त्यांच्या वारलेल्या यजमानांचा, पेन ड्राइव्ह आणला. त्यात नानांनी म्हटलेली अहिराणी गाणी होती, आणि ती दुसरीकडे कुठंच नव्हती. नव्या पेन ड्राइव्हवर उतरवायची होती. मी हात पुढे केला. अक्कांनी तो त्या पोरीला दिला.

पुढे केलेल्या हातानं मी टेबल पुसलं.

गाणी उतरली. एक अजून वाजत होतं, अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. पोरीचा हात पुढे गेला, आता उपटणार असंच मला वाटलं. पण तिनं चिन्हावर दाबलं. 'वापरात आहे, नंतर काढा' असं आलं. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

मला राहवेना. "गाणं बंद कर, म्हणजे निघेल," मी म्हणाले.

अक्कांनी डोळे उघडले. "काय घाई शे तुले?"

मला! गाणं पूर्ण झालं, पोरीनं सगळं नीट बंद करून पुन्हा चिन्हावर दाबलं, नानांचा पेन ड्राइव्ह काढून अक्कांच्या तळहातावर ठेवला. एवढी सबुरी कुठं शिकलीस, असं अक्कांनी तिला विचारलं.

"या ताईंकडून," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली.

अक्का माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. पण तेवढी एकच गोष्ट माझी एकटीची होती, आणि आता तीही तिच्या हातात गेली होती.