मरणाचा धडा शिकवणाऱ्या बाई

आमच्या जीवशास्त्राच्या बाई मरणाबद्दल हसतमुखाने बोलायच्या. कॉलेजात बाकीच्या सगळ्या मॅडम, या एकट्याच बाई. पेशी ठरवून मरतात हा धडा आला की त्यांना वेगळाच उत्साह चढायचा. शरीरात रोज असंख्य पेशी गाजावाजा न करता मरतात, म्हणून आपण धड आहोत, असे त्या सांगायच्या.

त्या धड्यातला अवघड भाग त्या फळ्यावर एका वाक्यात शिकवायच्या. ‘पेशीला मरू देऊ नये’ असे लिहायचे आणि ‘ऊ नये’ पुसून टाकायचे. उरायचे, ‘पेशीला मरू दे’. तसेच एकाच जनुकाच्या निरोपातून एक तुकडा वगळला की दुसरे, आखूड प्रथिन तयार होते. लांब प्रथिन पेशीला वाचवते, आखूड तिला मरणाकडे नेते. “जगणं-मरणं या दोघांच्या प्रमाणावर आहे,” एवढे बोलून त्या खडू खाली ठेवायच्या.

पुढे मी सात रस्ता चौकाजवळच्या एका ऑफिसात नोकरीला लागले आणि हे सगळे विसरून गेले. मग आईच्या मानेत गाठी आल्या. ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात टॉवेलांना शिलाई मारायची. दोन जिने चढली तरी धापा टाकू लागली. तपासण्यांनंतर डॉक्टरांनी रक्ताचा कर्करोग सांगितला. रक्तातल्या काही पेशी मरायचे नावच घेत नव्हत्या. गोळी सुरू करू, गोळीने त्या पेशी मरतील, असे ते म्हणाले. आईने तेवढेच नेमके ऐकले. घरी येऊन म्हणाली, “मारायचं औषध मी खानार न्हाय.”

चार दिवस मी समजावत होते, ती ऐकत नव्हती. शेवटी मी बाईंना फोन केला. त्या निवृत्त झाल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी रिक्षाने आल्या आणि आईशेजारी कॉटवर बसल्या. आजाराविषयी काही न बोलता त्यांनी आईचा हात आपल्या हातात घेतला.

“पोटात असताना तुमचा हात वल्ह्यासारखा सपाट होता. मधल्या पेशी मेल्या, म्हणून ही बोटं सुटी झाली. त्या मेल्या नसत्या तर तुम्हाला सुईत दोरा ओवता आला नसता.”

आईने बोटे फाकवून पाहिली. मग बाईंनी सांगितले की त्या वर्गात शिकवायच्या त्या प्रथिनांचेच एक भावंड आईच्या पेशींत फार झाले आहे. ते त्यांना मरू देत नाही. गोळी फक्त त्याला अडवते.

“आन चांगल्या पेशी?” आईने विचारले.

“थोड्या त्याही मरतील. म्हणूनच डॉक्टर डोस हळूहळू वाढवतील, सारखं रक्त तपासतील. बरं वाटेलच अशी हमी मी देत नाही. पण घेऊन बघावी, असं मला वाटतं.”

हमी देत नाही म्हणाल्या, म्हणूनच बहुधा आईने विश्वास ठेवला. तिने गोळी सुरू केली. पहिले काही आठवडे मी प्रत्येक रिपोर्ट दवाखान्याच्या दारातच उघडून वाचला. हळूहळू गाठी हाताला लागेनाशा झाल्या. एके दिवशी डॉक्टर म्हणाले की रक्त आता छान आहे. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी पोटभर रडले. बाईंना रिपोर्ट दाखवला तेव्हा त्यांनी प्रत्येक ओळ दोनदा वाचली आणि चष्मा काढून डोळे पुसले.

पुढे त्या बहिणीकडे बार्शीला राहायला निघाल्या. आम्ही दोघी एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. बस लागल्यावर बाई आईला म्हणाल्या, “आमच्या ह्यांना हाच आजार होता. तेव्हा ही गोळी नव्हती. ते गेल्यावरही धडा मी शिकवतच राहिले. पण या आजारातून कुणी उठून बसलेलं पाहिलं ते तुम्हालाच.”

इतक्या वर्षांत हे त्यांनी वर्गात कधी बोलून दाखवले नव्हते. आईने त्यांची पिशवी उचलली. बसच्या पायऱ्या ती एका दमात चढली आणि खिडकीतून मला म्हणाली, “तू जा घरी. मी येते की बाईंना बार्शीपतूर सोडून.”