सात पडलेले सॅक्सन

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बँकेत चेकवरच्या सह्या ताडून बघण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. त्या कामामुळे हा स्वभाव झाला, की स्वभाव बघूनच मला ते काम दिलं, देव जाणे. भाजीवाली गोड बोलली की मी वांगी दोनदा उलटून बघतो.

रंगीत टीव्ही नुकता घरोघरी येऊ लागला होता, तेव्हाची ही गोष्ट. इंग्लंडला गेलेल्या मावसभावाने एक पार्सल पाठवलं. आत शिशाचे बिनरंगाचे सैनिक होते, उंचीला जेमतेम इंचभर. इंग्लंडच्या जुन्या लढाईतले दोन पक्ष, नॉर्मन आणि सॅक्सन. सोबत नियमांचं पुस्तक. सैनिक आपण रंगवायचे आणि टेबलावर मांडून, फासे टाकत, पट्टीने अंतर मोजत लढाई खेळायची. एकट्याने खेळणार कसं, म्हणून मी एका मित्राला ओढलं. तो नागपूरकडचा, रेल्वेत, बदली होऊन आमच्या बनारसला आलेला. त्याने झटकन नॉर्मन उचलले. इतिहासात नॉर्मन जिंकतात हे त्याने आधीच वाचून ठेवलं असणार, असं मला तेव्हाच वाटलं.

लाकडी खेळणी रंगवणाऱ्या एका कारागिराकडून मी खारीच्या केसांचा ब्रश मिळवला. साखळीचं चिलखत आधी काळं करायचं, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने वरून चंदेरी रंग घासायचा, की कडी न् कडी उठून दिसते. नॉर्मन सगळे सफाचट. माझ्या सॅक्सनांना मात्र झुपकेदार मिशा, आणि प्रत्येकाची मिशी मी वेगळी काढली होती. त्यातले सात जण पडलेले होते, छातीत बाण घुसलेला, तोंड उघडं. तुकडी मोडली की त्या जागी खूण म्हणून ठेवायचे. त्या सातांवर मी सगळ्यात जास्त जीव लावला. ताजं रक्त लाल, वाळलेलं तपकिरी, असा फरकसुद्धा दाखवला. तशी पडलेली माणसं मित्राच्या वाट्याला एकही आली नव्हती.

आमचं घर मंगला गौरीच्या देवळाजवळ, दोन खोल्यांचं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते घाटावर यात्रेकरूंची श्राद्धकर्मं चालवत. त्यांच्या देव्हाऱ्यासमोरच्या फळीवर माझं सैन्य असे, कारण दुसरी जागाच नव्हती. अण्णांनी कधी तक्रार केली नाही. हे मिशीवाले आपले का, एवढंच एकदा विचारलं होतं.

एका रविवारी खेळ संपल्यावर मित्राने पडलेल्यांपैकी एक तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत बसला. रक्ताला कोणता रंग वापरलास, असंही विचारलं. सोमवारी संध्याकाळी मी फळीवर बघतो, तर सातही गायब. आधी माकडांवर शंका गेली, बनारसमध्ये ती पहिली त्यांच्यावरच जाते. पण त्या सातांखाली अंथरलेल्या कापसाची नीट घडी केलेली होती. माकड कापसाची घडी करत नाही. आमचा रेल्वेवाला मात्र चहा पिताना रुमालाचीसुद्धा चौकोनी घडी करणारा माणूस.

पुढच्या रविवारी तो आला, तेव्हा मी सरळ म्हटलं की सात सैनिक परत दे, म्हणजे विषय संपला. त्याला आधी ती थट्टाच वाटली. मग त्याचा चेहरा उतरला. चहाचा कप तसाच ठेवून तो उठला. खाई त्याला खवखवे, असं मी मनात म्हटलं, आणि खरं सांगतो, मला विजयी वाटलं. या गावात मराठीत मनमोकळं बोलायला घराबाहेर मला तो एकटाच होता. तोही गेला.

दीडेक महिना तसाच गेला. एकदा जेवताना अण्णांनी विचारलं, "तुझा तो रेल्वेवाला हल्ली येत नाही?"

मी चोरीची हकीकत सांगितली. अण्णांचा हात ताटातच थांबला.

"अरे, ते मी नेले. मणिकर्णिकेवर गंगेत सोडले."

शिशाच्या बाहुल्या होत्या त्या, असं कसंबसं म्हणालो.

"शिशाचे आहेत हे मला समजत नाही का? पण मेलेला माणूस म्हणूनच तू ते रंगवलेस ना? मी रोज नहाऊन पूजेला बसायचो आणि समोर सात मुडदे. मिशा होत्या, कुणाचे तरी बाप असतील. नाव माहीत नाही, गोत्र माहीत नाही. काश्यप गोत्र म्हटलं, तिळाचं पाणी दिलं आणि सोडले. उभे होते त्यांना मी हात लावला नाही."

विचारायचं तरी, असं मी म्हटलं. ते म्हणाले, यात विचारायचं काय.

मला राग यायला हवा होता. आली ती लाज. अख्ख्या जगावर संशय घेणारा मी, पण घरच्या म्हाताऱ्याकडे माझी नजर गेली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मी कँट स्टेशनजवळ मित्राच्या क्वार्टरवर गेलो, सगळं सांगितलं आणि हात जोडून माफी मागितली. सातांचं तर्पण ऐकून तो पोट धरून हसला. अण्णांना माझा नमस्कार सांग, म्हणाला. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

रविवारी तो आला. नेहमीसारखा खेळला, त्याच्या घोडेस्वारांनी माझी उजवी बाजू पार कापून काढली. निघताना त्याने आपले नॉर्मन डब्यात भरले, पण झाकण लावलं नाही. डबा माझ्यासमोर धरला आणि दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता.

मी म्हटलं, "हे काय चालवलंयस?"

"बघून घे. मला बरं वाटतं."

त्याची बदली होईपर्यंत दर रविवारी त्याने हेच केलं. मी दर वेळी नको नको म्हणायचो, आणि म्हणता म्हणता माझी नजर डब्यात जायची.