भांगेची जात निवडणारे व्याही

आमच्या व्याह्यांइतका चिकट, चिकित्सक आणि डोक्यात जाणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा नाही. वरच्या अर्ध्या पृथ्वीवर नाही, आणि आम्ही राहतो त्या खालच्या अर्ध्या पृथ्वीवरही नाही. त्यांनी आणि मी मिळून शेवटचं धड काम केलं ते एप्रिलातल्या एका संध्याकाळी. रात्री फ्रॉस्ट पडणार, दव गोठून सकाळी गवत पांढरंफटक होणार, असं टीव्हीवर सांगितलं होतं. म्हणून परसातल्या दोन झाडांवर आम्ही जुन्या चादरी टाकल्या. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. चादर टाकायला किती वेळ लागतो? आम्हाला पाऊण तास लागला, कारण व्याह्यांनी आधी चादरी निवडल्या. ही नायलॉनची, हिच्याखाली घाम धरेल. ही जड, फांदी मोडेल. ही फार झिरझिरीत. शेवटी दोन पास झाल्या, त्या दोन्ही माझ्या अंथरुणावरच्या. आमची ही खिडकीशी खुर्चीवर बसून बघत होती. काचेवर टकटक करून म्हणाली, "अहो, झाड झाकताय का नवरीला शालू नेसवताय?" मी हसलो. व्याही हसले नाहीत. ते चादरीचे कोपरे सारखे करत होते.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. पुण्याचे. जन्मभर सरकारी खात्यात बियाणं तपासायला होते. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, तळहातावर पसरायचे आणि म्हणायचं, नापास. तेवढ्याचा पगार. रिटायर झाल्यावर खातं सुटलं, पण सवय सुटली नाही. त्यांची मंडळी वारली तेव्हा सुनेनं त्यांना इकडं ऑस्ट्रेलियात, कॅनबेराला आणलं. पुढच्या खोलीत ते, मागच्या खोलीत आम्ही नवराबायको, मधे पोरं. एका घरात दोन व्याही! आमच्या गावाकडं असं कुणी ऐकलं तर तोंडात बोट घालेल. मी साखर कारखान्यातला वेल्डर, शाळा पाचवीपर्यंत. माझं काम असं, की लोखंड लाल आहे तोवर उरकायचं. विचार करत बसलं की जोड गेला. आणि नशिबी हा माणूस.

इंडियन दुकानात भेंडी घ्यायला गेले की एकेका भेंडीचं टोक मोडून बघणार. ढिगात शंभर असतील तर शंभर. एकदा तो पंजाबी दुकानदार कावला आणि ओरडला, "अंकल, भिंडी लेनी है या शादी करनी है?" हे शांतपणे म्हणाले, "शादी के लिए तो हमने इकतीस लडके देखे थे." खोटं नाही. एकतीस मुलं नापास केली होती, माझा बत्तिसावा. तो कसा काय पास झाला हे मला आजतागायत कळलेलं नाही. एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्या दिवशी पाऊस होता, नीट दिसलं नाही." रिकाम्या बसमध्ये चार सीटा बदलतात. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "यू ऑल राइट, मेट?" तर यांनी उठून त्याला तिसऱ्या सीटचा ढिला स्क्रू दाखवला. बस तेवढा वेळ उभी. मी खिडकीबाहेर बघत बसलो, जसा काही मी यांच्याबरोबर नाहीच.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण गेल्या गणपतीनंतर हिच्या पोटातलं दुखणं निघालं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. सून एकेक वाक्य मराठीत सांगत गेली आणि शेवटचं वाक्य सांगायला तिला जमेना, तेव्हा आमचं आम्हीच समजलो. गोळ्यांनी दुखायचं थांबे, पण अन्नावरची वासनाच उडाली. जिच्या हातची भाकरी मी जन्मभर खाल्ली ती ताट पाहून तोंड फिरवते, हे बघणं काय असतं ते ज्यानं बघितलं त्यानंच जाणावं. डॉक्टरांनी भांगेच्या तेलाचे थेंब देऊन पाहिले. म्हणाले, याच्यानं आजार हटणार नाही, चार घास गेले तर गेले. तिला नुसती गरगर झाली. तेव्हा आमचे व्याही खाकरले आणि म्हणाले, "जात चुकली असणार."

तिथून सुरू झालं. कॅनबेरात माणशी दोन झाडं परसात लावायला इथल्या सरकारची मुभा आहे, देशाचा कायदा काही म्हणो. दुसऱ्याला द्यायची मात्र नाहीत. व्याह्यांनी तो नियम छापून फ्रीजवर चिकटवला आणि आम्हा सगळ्यांना उभं करून समजावलं, "झाडं विहीणबाईंची. बी त्यांनी टोचायचं, पाणी त्यांनी घालायचं, तोडायचं त्यांनी. आपण फक्त मदतीला." सून डोकं धरून म्हणाली, "बाबा, माझी सरकारी नोकरी आहे हो!" ते म्हणाले, "म्हणूनच सांगतोय, तू तिकडं बघायचंसुद्धा नाही." बी विकायला बंदी आहे, म्हणून ते कुठून आलं ते मी इथं लिहीत नाही.

आता, झाड लावायचं ठरलं की माणूस काय करतो? लावतो. आमच्या व्याह्यांनी वही आणली. त्यांचं म्हणणं, इथली थंडी लवकर येते. एप्रिलात फ्रॉस्ट, मेमध्ये हाडं वाजतात. तेव्हा जात हवी ती उत्तरेकडच्या थंड मुलखातली. फिनलंड, कॅनडा, हॉलंड, जिथं उन्हाळा पाहुण्यासारखा येतो आणि चहा पिऊन जातो. लवकर पिकणारी, बुटकी, ओल्या थंडीत फुलोऱ्याला बुरशी न धरणारी. दिवसभर कॉम्प्युटरवर त्या लोकांचं वाचायचे आणि वहीत रकाने भरायचे. तिकडं सप्टेंबरात पिकतं म्हणजे आपल्याकडं मार्चात. तिकडं मेमध्ये पेरतात म्हणजे आपण नोव्हेंबरात. साठ जाती उतरवल्या. नोव्हेंबर गेला, डिसेंबर निम्मा गेला. सत्तावन्न नापास.

रोज दुपारी तीनला ते वही घेऊन हिच्या खुर्चीसमोर बसायचे. त्या जातींची नावं म्हणजे तमाशातल्या बायांसारखी. ते मराठी करून वाचायचे. "विहीणबाई, आज ही बघा. बर्फातली राजकन्या. पंचावन्न दिवसांत फुलते, पण देठ नाजूक. नापास. ही आजीची गोधडी. थंडी उत्तम सोसते, वास फार." ही म्हणायची, "घ्या की मग गोधडी. मला कुठं अत्तर लावून मिरवायचंय?" ते मान हलवायचे. ही सांगायची, "व्याही, आमच्या गावच्या मठात बैरागी चिलमीआधी बिया झटकायचे. त्या मागं उकिरड्यावर उगवायच्या, माणसाएवढ्या व्हायच्या. जात नव्हतं कुणी विचारत." ते गंभीरपणे म्हणायचे, "तुमच्या उकिरड्यावर फ्रॉस्ट पडत नव्हता, विहीणबाई." मग ही हसायची, पोट धरून, दुखेपर्यंत. हसता हसता दुधात कुस्करलेली चतकोर भाकरी खाऊन जायची. मी आत भांडी आपटत असायचो. एकदा न राहवून बाहेर आलो आणि म्हटलं, "अहो, माणूस चाललंय आणि तुम्ही रकाने काय पाडताय?" ते म्हणाले, "व्याही, चुकीचं बी टोचलं तर अख्खा हंगाम वाया जातो." हंगाम! आमच्याकडं एकच हंगाम उरला होता. जन्मभर बियाणं तपासलेल्या माणसाला एवढं कळू नये?

नाताळ झाल्यावर एकदाची जात ठरली. हिनं दोन कुंड्यांत बोटानं भोकं पाडली, बी टाकलं, माती सारली, आणि मातीचं बोट कपाळाला लावलं. बरं वाटलं. मग व्याह्यांनी वही काढली. वहीत लिहिलेलं की थंड मुलखात झाड दक्षिणेच्या भिंतीला लावावं, ऊन धरतं. कुंड्या दक्षिणेच्या भिंतीला गेल्या. आता या शहाण्या माणसानं महिने सगळे उलटे करून घेतले होते, सप्टेंबरचा मार्च केला, मेचा नोव्हेंबर केला. दिशा उलटी करायला विसरला. अहो, इथं सूर्य उत्तरेकडून जातो! दक्षिणेच्या भिंतीला सावली असते. आमची कपडे वाळत घालायची दोरी उत्तरेला आहे ती काय हौस म्हणून? जे माझ्या बनियनला कळलं ते यांना कळलं नाही. रोपं पिवळी पडली, माना लांबवून उजेड शोधायला लागली. व्याही भिंग लावून बघायचे, पाणी बदलायचे, खत बदलायचे. असे तीन आठवडे गेले. मग मी कुंड्या उचलल्या आणि उत्तरेला आदळल्या. चार दिवसांत पानं हिरवीगार.

नंतर मात्र झाडं फोफावली. मार्चात माझ्या छातीला आली. एप्रिलात तुरे धरले. वास असा, की कुंपणापलीकडचा शेजारी डोकं वर काढून म्हणायचा, "लुकिंग गुड, मेट!" ही काठी टेकत यायची, तुऱ्याला नाक लावायची आणि विचारायची, "व्याही, तोडू का आता?" त्यांचं भिंग निघायचं. "तुऱ्याचे तंतू अजून पांढरे आहेत. तांबूस झाले पाहिजेत. पंधरा-वीस दिवस अजून." मी म्हटलं, "तोड गं तू, काय होतंय?" व्याही आडवे आले. "कच्चं काढायचं नाही. कच्च्यात काही नसतं. सगळी मेहनत फुकट." ही त्यांच्याकडं बघून म्हणाली, "बरं." तिला कधी कुणाचा हिरमोड करता आला नाही. त्याच संध्याकाळी आम्ही चादरी टाकल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ही गेली.

तेरावा झाला तरी मी व्याह्यांशी बोललो नाही. ते आपले रोज संध्याकाळी एकटे चादरी टाकायचे, सकाळी काढायचे. एकट्यानं चादर टाकणं सोपं नाही, हा कोपरा धरला की तो सुटतो. मी खिडकीतून बघायचो. जात नव्हतो.

आणि मेच्या सुरुवातीला एका दुपारी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "व्याही, तयार झाली."

माझ्या डोक्यातून जाळ निघाला. मी तसाच बाहेर गेलो आणि दोन्ही झाडं मुळांसकट उपटली. हा माणूस मागून काय म्हणतो, "माती झटका. पालापाचोळ्याच्या हिरव्या डब्यात माती चालत नाही." मी झाड त्यांच्या पायापाशी आपटलं. म्हटलं, "तयार झाली? कुणासाठी तयार झाली? तीन आठवडे खाल्लेत तुम्ही तिचे! ती भिंत! तीन आठवडे आधी पिकली असती, तिच्या हातानं तोडली असती. शिकलेले ना तुम्ही? सूर्य कुठून जातो तेवढं कळेना?"

ते म्हणाले, "चूक माझी आहे."

बस, एवढंच. उलट बोलणारा माणूस परवडतो हो, कबूल करणाऱ्याचं काय करायचं? आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं. "मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं! रोज बघत होतो! बोललो नाही. म्हटलं, होऊ दे जरा पुण्याच्या शहाणपणाची फजिती. दोन आठवडे मजा बघत होतो मी!"

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. हिलाही नाही.

मला वाटलं, आता हा माणूस बोलेल, आणि बोललेलं मी ऐकून घ्यायला हवं. ते खाली बसले आणि पसरलेली माती ओंजळीनं कुंडीत भरायला लागले. भरता भरताच म्हणाले, "आमच्या हिला दुपारी छातीत कळ आली. रिक्षा दाराशी येईपर्यंत संपलं. हे करू का ते करू, असं म्हणायलासुद्धा काही मिळालं नाही मला." मग म्हणाले, "विहीणबाईंशी तीन महिने बोलत बसलो. बरं वाटायचं." मीही खाली बसलो. आम्ही दोघांनी माती भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन कप चहा केला. तेराव्यापासून मुलगा मागं लागला होता, बाबा, आईचा एक फोटो द्या, मोठा करून भिंतीवर लावू. पेटीतले सगळे फोटो मी तीनतीनदा काढून बघितले होते. एकही बरोबर वाटत नव्हता, आणि एकही बाजूला ठेवायला हात धजत नव्हता. ती पेटी काखेत मारली आणि पुढच्या खोलीत जाऊन व्याह्यांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "यातला एक सांगा."

त्यांनी टेबल पुसलं. चष्मा पुसला. पहिला फोटो उचलून खिडकीकडं धरला, तिरका केला, सरळ केला. चहा निवून गेला.

"यात डोळे जरा मिटलेत," ते म्हणाले.

मी तो घेतला आणि दुसरा दिला. म्हटलं, "सावकाश बघा."