मंगलवरचा आळ

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आईला माहीत नाही. ज्या गाइड मॅडमच्या हाताखाली मी इतकी वर्षं काढली, त्यांना तर कळता कामा नये म्हणून मी काय काय केलंय ते माझं मला ठाऊक. तोंडापर्यंत येतं आणि मी दुसरंच काही बोलायला लागते. आत्ताही तेच होतंय. तेव्हा सरळ येणं मला जमेल असं वाटत नाही, जरा आडवाटेनं येईन.

मी न्हावऱ्याची. यवतला दिली. माझ्या नावाआधी आता डॉक्टर लागतं — गोळ्या-औषधाची डॉक्टर नव्हे, समुपदेशन मानसशास्त्रात पीएचडी. शिरूरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात, तिथं बसते. बायका येतात, दार लोटून घेतात आणि बोलतात. नवऱ्याजवळ, बहिणीजवळ जे बोलता येत नाही ते माझ्याजवळ बोलतात. दाराची कडी लागली की त्यांचा जीव खाली बसतो. माझा मात्र वर येतो. आज कोण आलंय? राहू गावाकडचं तर कुणी नाही ना?

माझ्या संशोधनाचा विषय होता बाळंतपणाची भीती. आपल्याकडं बाईला वेणांची, रक्ताची, मरणाची भीती वाटते हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिला ते बोलू कोण देतं? मला वाटलं, मी देईन. यवतहून स्कूटी काढायची, उसातून जाणाऱ्या रस्त्यानं राहूच्या बाजूला जायचं. एका वाडीवर अंगणवाडीच्या ताईंनी त्यांची खोली मला वापरायला दिली होती. पोरं घरी गेली की आम्ही बसायचो. भिंतीवर आंबा, केळं, कमळाची चित्रं, आणि खाली सतरंजीवर एकेक बाई.

प्रत्येकीला मी बसल्या बसल्या एक वाक्य सांगायची — इथलं बोलणं इथंच राहील.

सारिकाला तिची शेजारीण घेऊन आली. मंगल. दोघींची नावं बदलून सांगतेय, वाडीचं नाव सांगत नाही... आता एवढं पाळून काय उपयोग, पण पाळते. दोघी एकमेकींच्या रानात शेवंती तोडायला जायच्या. मंगल थोडी थोराड, आवाज मोठा. सारिका तिच्या पदराआड उभी राहावी तशी उभी. बसली, मी माझं वाक्य म्हटलं, तर तिनं विचारलं, "कुटंच न्हाई ना जायाचं, ताई?"

"कुठंच नाही," मी म्हणाले.

तिला दोन मुली. दुसरीच्या वेळी इतकं रक्त गेलं की स्वतःचे पाय स्वतःचे वाटेनात, असं ती म्हणाली. पुढच्या वेळी जपा, असं डॉक्टरांनी नवऱ्याला बजावलं होतं. नवऱ्यानं मान हलवली. पण घरी सासूचं सुरू झालं — एक मुलगा होऊ दे, मग बास. तेव्हा सारिकानं काय केलं? मंगलच्या लेकीचे डोळे दाखवायला म्हणून दोघी दौंडला गेल्या आणि सारिकानं तांबी बसवून घेतली. घरात कुणाला पत्ता नाही. दिवस का जात नाहीत म्हणून सासू तिला कुठं कुठं नेत होती, आणि ही मुकाट्यानं जात होती.

"अंगारा खाते, ताई," ती म्हणाली, "आन् आत तांबी." मग तिला हसू आलं, मंगलला आलं, मलाही आलं. आम्ही तिघी त्या खोलीत तोंडाला पदर-ओढणी लावून हसलो. त्या हसण्याची मला आता भीती वाटते.

तर — तो दिवस.

दुपारची वेळ. यवतच्या घरी मी आणि सासूबाई घेवडा मोडत बसलो होतो. माझ्या लग्नाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि आमच्याही घरात पाळण्याचा विषय निघू लागला होता. सासूबाई वाईट नाहीत, हे आधी सांगते. माझ्या फीसाठी दिरांशी भांडलेली बाई आहे ती. पण त्या दिवशी त्या म्हणाल्या, "रोज गाडी काढती, बायांत बसती, च्या पिती. ह्यातनं निघतंय तरी काय?"

मी घाबरले. पुढचं वाक्य मला ऐकू येत होतं — पुरे झालं आता शिक्षण. असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले, की मी घाबरले होते म्हणून बोलले. पण तुम्हाला खरं सांगते. घाबरले होते तेवढं पहिलं वाक्य बोलेपर्यंतच. नंतर मला सांगायला मजा येत होती. त्यांचे हात थांबले होते, घेवडा तसाच राहिला होता, त्या माझ्याकडं बघत होत्या. आपण किती आतलं ऐकतो, लोक आपल्यापाशी काय काय उघडं करतात — हे दाखवायची हौस. दौंडची फेरी सांगितली. अंगाऱ्याचं वाक्य तर सारिकाच्या आवाजात म्हणून दाखवलं.

"कुठली गं ती?" त्यांनी विचारलं.

नाव मी घेतलं नाही. राहूकडची, म्हणाले. दोन मुली आहेत. घरामागं शेवंती आहे.

एवढ्यावर माणूस ओळखता येतं का? शहरात येत नसेल. आमच्याकडं तर विहिरीवरची मोटार कुणाची चालू झाली तेही आवाजावरून कळतं. आणि सासूबाईंची चुलत बहीण त्याच वाडीला दिलेली — हे मला माहीत होतं. बोलताना माहीत होतं का? होतं. आठवड्याभरात त्या बहिणीकडं वास्तुशांत होती. सासूबाई नवं लुगडं नेसून निघाल्या तेव्हा मी दारात उभी होते. 'आई, ते कुणाजवळ बोलू नका' एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर मी काय केलंय ते उघडं पडलं असतं. मी त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवली आणि जपून जा म्हणाले.

त्यानंतर सारिकाचा फोन लागेना.

पुढच्या फेरीला अंगणवाडीच्या ताईंकडून कळलं. सारिकाच्या सासूला तांबीचं कळलं होतं. तिनं फोन काढून घेतला होता. दवाखान्यात नेऊन तांबी काढवली होती. नवऱ्यानं हात उचलला नाही, असं सारिका नंतर म्हणाली. मी खोदून विचारलं नाही. ज्या विषयावर मी पीएचडी करत होते त्यात नेमकं तेच विचारायचं असतं, आणि मी विचारलं नाही. ऐकायची छाती नव्हती.

मग एक दिवस ती आली. गवताचा भारा आणायला जाते सांगून आली होती, हातात विळा होता. सतरंजीवर बसली. मला वाटलं, आता संपलं. हिला कळलंय. ही गाइड मॅडमना फोन करेल, विद्यापीठात जाईल, माझा प्रवेश रद्द होईल, न्हावऱ्यात वडिलांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. तिचं काय होणार, हे नाही आलं. बघा ना — तिच्या पोटात आता काही रुजलं तर ती मरू शकते, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही नव्हतं.

ती म्हणाली, "ताई, तुमी शिकलेल्या. मानूस वळखता. मंगलनंच सांगितलं आसंल का वो?"

आम्हाला शिकवलेलं असतं की लगेच बोलू नये, समोरच्याला अवकाश द्यावा. तेवढा वेळ मी घेतला. मग समुपदेशकाच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "जवळच्या माणसाकडूनच कधी कधी निघून जातं, सारिका."

हेच ते. हेच तुम्हाला सांगायचं होतं. सासूबाईंजवळ जीभ सैल सुटली ती चूक म्हणू, हवं तर. पण हे वाक्य मी विचार करून बोलले. पूर्ण शुद्धीत. खोटं आहे हे माहीत असून, कुणावर जाणार आहे हे माहीत असून.

तिनं मान हलवली. डोळे पुसले. जाताना माझ्या हाताला हात लावून गेली. आणि मला — लाज वाटते सांगताना — मला हायसं वाटलं. स्कूटीवर बसल्यावर सपाटून भूक लागली. चौफुल्याला थांबून मी मिसळ खाल्ली.

त्या दोघींचं बोलणं त्या दिवसापासून तुटलं. दोन्ही घरांच्या मधे नुसता एक बांध. मंगल दारात आली की सारिका आत जायची. तोडीला वेगळ्या बायका बोलावल्या. मंगलच्या नवऱ्यालाही कळलं की हिनंच दौंडला नेलं होतं. त्यानं तिचं बाहेर जाणं बंद केलं. आणि वर चहाडी केल्याचा आळ. दोन्हीकडून मार.

सारिकाला दिवस गेले. शेवटच्या महिन्यात तिला पुण्याला हलवावं लागलं. रक्त थांबेना, पिशवी काढावी लागली. ती वाचली. मुलगी झाली. मी दवाखान्यात भेटायला गेले होते. तिच्या सासूनं मला खुर्ची दिली. सारिका पांढरीफटक पडली होती, ओठसुद्धा. म्हणाली, "तुमी आलात, बरं वाटलं." तिथल्या जिन्यात मी कठडा धरून उभी राहिले. ती मेली असती तर? मग मला पुढचा विचार आला, आणि तो आला हे मी लपवणार नाही: ती मेली असती तर विचारायला कुणी उरलं नसतं.

प्रबंध पूर्ण झाला. सारिकाचं बोलणं त्यात आहे, बदललेल्या नावानं, एका अख्ख्या प्रकरणात. तांबी काढण्यापर्यंतचं. पुढचं नाही. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेवढ्या भागाचं कौतुक केलं. या बायकांनी तुमच्यावर इतका विश्वास कसा टाकला, असं त्यांनी विचारलं. गोपनीयता कशी पाळली? मी न अडखळता उत्तर दिलं. माझा आवाज मलाच ऐकू येत होता, छान होता. गाइड मॅडमचे डोळे भरून आले. न्हावऱ्यात शाळेनं सत्कार केला.

सासूबाई? त्या कधी काही बोलल्या नाहीत. वास्तुशांतीला आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात तरी आहे का, हे मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. मधूनच त्या माझ्याकडं बघतात आणि मला वाटतं, आत्ता म्हणतील. मग त्या मीठ मागतात.

सारिका अजून येते. पैसे मी घेत नाही, घेऊ कशी? झोप लागत नाही म्हणते, रक्ताची स्वप्नं पडतात म्हणते. मी ऐकते. तिला बरं वाटतं. ओळखीच्या बायकांना ती माझ्याकडं पाठवते — "तितं बोल, भाईर जात न्हाई," असं सांगून. त्या मला येऊन सांगतात. प्रत्येक वेळी मी मान हलवते आणि त्यांना बसायला सांगते.

आणि मागच्या महिन्यात मंगल आली.

मी ओळखलंच नाही आधी. वाळलीय. आवाज बारीक झालाय. नवऱ्याला बाजार समितीत काम होतं, तेवढ्या वेळात ती शिरूरच्या गर्दीत विचारत विचारत माझ्यापर्यंत आली होती. खुर्चीच्या कडेला टेकली. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही.

"मॅडम, आमी तिगीच होतो खोलीत," ती म्हणाली. "मी न्हाई सांगितलं. लेकीच्या गळ्याची शपथ, मी न्हाई सांगितलं. सारिकानं तर न्हाईच सांगितलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती वाट बघत होती. पंखा फिरत होता, बाहेर बाकावर कुणाचं तरी मूल रडत होतं. तिला कळलंय का? सगळं कळूनच आली होती का, मला माझ्या तोंडानं बोलायची संधी द्यायला? की खरंच भाबडेपणानं आली होती, ज्या माणसाचं सारिका ऐकते त्या माणसाकडं? मला अजून समजलेलं नाही. माणसं समजून घेण्याची पदवी आहे माझ्याकडं.

शेवटी तीच म्हणाली, "तुमी तिला एवढं सांगा. तुमचं ऐकती ती. मला बाकी काय नको, नुसतं दारातनं हाक मारू दे तिला."

मी हो म्हणाले. बोलते म्हणाले. ती माझ्या पायाला हात लावायला खाली वाकली, मी मागं सरले, तेव्हा ती तशीच उठली आणि पदर सारखा करून गेली.

त्यानंतर सारिका दोनदा आली. धाकटीच्या खोकल्याचं बोलली, सासूचे गुडघे दुखतात त्याचं बोलली. मी ऐकलं. एकदा तिनं स्वतःहून मंगलचं नाव काढलं — आजारी दिसते, म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलं. मी विषय बदलला.

तुम्हाला सांगितलं. तिला नाही.