मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

मोटार शिकवणाऱ्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. तो केवळ संकटकाळासाठी आहे, असे मास्तर प्रत्येक शिकाऊ चालकाला पहिल्या दिवशी सांगत आणि पहिल्याच वळणावर तो दाबत. बावीस वर्षे हा क्रम निर्वेध चालला. आपण चुकत नाही ही त्यांची समजूत या काळात इतकी मुरली होती की, तिला ते अनुभव म्हणत.

त्यांच्या पत्नी परिचारिका. शहराबाहेरच्या दवाखान्यात त्यांची मुख्य परिचारिका म्हणून निवड झाली होती. अट एकच, महिनाअखेरपर्यंत वाहन चालवण्याचा परवाना हवा. चाचणीत त्या दोनदा नापास झाल्या आणि दोन्ही वेळा कारण तेच: लाल दिवा लागला, तरी गाडी थांबली नाही.

"दिवा दिसला नाही तुला?" मास्तरांनी विचारले.

"दिसला की. मी तुमच्या पायाची वाट बघत होते."

"माझा पाय तिथे कुठून येणार? शेजारी परीक्षक साहेब होते."

"तेच तर. साहेबांना सवय नाही."

हे उत्तर मास्तरांनी बायकोच्या आगाऊपणात ढकलून दिले. त्यांना हलवले ते गॅरेजवाल्याने. त्याने दोन्ही ब्रेकच्या पेडलांवरची रबरे काढून समोर धरली. शिकाऊ बाजूच्या रबराची नक्षी शाबूत होती. मास्तरांच्या बाजूचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते.

"मास्तर, एक विचारू? तुमच्याकडे गाडी शिकायला नेमकं येतं कोण?"

त्या संध्याकाळी घराखाली गाडी उभी केल्यावर मास्तर लगेच वर गेले नाहीत. एका कोऱ्या वहीत त्यांनी दोन रकाने आखले: 'किती वेळा दाबला' आणि 'किती वेळा गरज होती'. पहिल्यात एकेचाळीस. दुसऱ्यातही, बराच विचार करून, एकेचाळीस. आत्मपरीक्षणाचा पहिला दिवस अत्यंत समाधानात गेला. पुढचे तीन दिवसही तसेच गेले.

पाचव्या दिवशी वही पत्नीच्या हाती लागली.

"अहो, हे परीक्षण आहे की स्वतःची पाठ थोपटणं? काल ते कुत्रं झोपलं होतं, तेव्हाही गरज होती?"

"उठलं असतं तर?"

"पलीकडच्या फुटपाथवर होतं ते. एक कमी करा."

तो एक कमी करायला मास्तरांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात माणूस गाडी मागे घ्यायला शिकतो. मात्र एक निघाला आणि मागचे रांगेने बाहेर आले. ज्याने आधीच वाट सोडली होती, तो सायकलवाला. जो नुसता रंगवलेला होता, बांधलेला नव्हता, तो गतिरोधक. रोज दहा मिनिटे, बंद गाडीत बसून, आपला पाय केव्हा आणि का गेला, हे ते आठवू लागले. बहुतेक वेळा समोर धोका नव्हताच. शेजारी कुणीतरी आपल्यावाचून गाडी चालवत होते, इतकेच. हे वाक्य त्यांनी लिहिले, खोडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिले. जेवताना पत्नी बोलू लागली की टेबलाखाली आपला पाय फरशी दाबतो, ही नोंद अठराव्या दिवसाची.

शेवटच्या आठवड्यात ते सरावाला चक्क मांडी घालून बसू लागले. पहिल्या लाल दिव्यापाशी पत्नीने सवयीने वाट पाहिली आणि मग गाडी पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध कचकन थांबली.

"दाबलात?"

"कशाने दाबू? मांडी घातलीय."

"मग मीच दाबला म्हणायचा," त्या म्हणाल्या आणि हिरवा दिवा लागून गेला तरी स्वतःच्या पायाकडे बघत राहिल्या.

चाचणीच्या दिवशी मास्तर चौकालगतच्या बाकावर बसले. दिवा लाल झाला. गाडी रेषेच्या हातभर अलीकडे थांबली. घटकाभराने पत्नी शिक्का मारलेला कागद घेऊन आल्या आणि बाकासमोरच्या मातीकडे पाहून थबकल्या.

"अहो, हा खड्डा कसला?"

मास्तरांनी पाय मागे घेतला. संध्याकाळी, गाडीत, त्यांनी लिहिले: किती वेळा दाबला, सतरा. दुसरा रकाना त्यांनी त्या दिवशी प्रथमच विचार न करता भरला: शून्य.