डाव्या हाताला अत्तर

एप्रिलचा शेवटचा शनिवार, मतदानाची सुट्टी. सकाळी मी कैऱ्या किसत होते. यमुनेपलीकडच्या आमच्या नव्या सोसायटीत मराठी बिऱ्हाडं बरीच होती आणि संध्याकाळी सेक्रेटरींच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ माझ्याकडे होती.

सेक्रेटरींची बायको सकाळीच दारात हजर. "वहिनी, डाळ भिजली? आणि मत?"

"मत भिजवावं लागत नाही. जाईन दुपारी."

"नक्की हं! आपल्या लोकांची रांग दिसली, तर पाण्याची लाइन आधी आपल्याकडे. बिल्कुल पक्कं बोलणं झालंय."

कोणाचं कोणाशी, ते तिनं सांगितलं नाही. एरवी 'आपले लोक' तिला गणपतीच्या वर्गणीलाच आठवायचे. शिवाय हळदीकुंकू नेमकं मतदानाच्याच संध्याकाळी का, हेही मला खटकत होतं.

सोसायटीत नळ होते, पाणी नव्हतं. टँकर यायचा, आणि आधी कोणाचे ड्रम भरायचे ते सेक्रेटरी ठरवायचे.

दुपारी निघाले, तर तळमजल्यावरची सून जिन्यापाशी उभी. नवरा बदलीच्या गावी, सासू मांडीचं हाड मोडून अंथरुणावर. तिला रोज ढीगभर चादरी धुवाव्या लागत.

"काकू, मी मत दिलं नाही तर टँकरला मागे ठेवतील का हो आम्हाला?"

"अगं, मत गुप्त असतं."

"मत असेल. बोटावरची शाई कुठे गुप्त असते?"

"तू जाऊन ये, मी बसते सासूबाईंपाशी," मी म्हटलं. शाळेत रांग लांबलचक होती. ती परतली तोवर मतदानाची वेळ टळून गेली होती.

संध्याकाळी सेक्रेटरींच्या बायकोनं हळदीकुंकू लावलं, अत्तरदाणी उचलली आणि म्हणाली, "डावा हात द्या." अत्तर उजव्या हाताला लावतात, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. प्रत्येकीचा डावा हात ती जरा जास्तच वेळ धरत होती.

माझा धरला आणि थांबली. "अय्या वहिनी, तुम्ही राहिलात?"

"राहिले."

"सरकारी नोकरीतल्या तुम्ही, आणि तुम्हीच?"

बायका हसल्या. तळमजल्यावरची सून माझ्या शेजारीच होती. ती पन्ह्याच्या पेल्यात बघत राहिली. मला राग आला, पण तोंड मीही उघडलं नाही. तिच्या सासूपाशी बसले म्हणून राहिले असं सांगितलं असतं, तर त्याचा हिशेब तिच्याच ड्रमवर निघाला असता.

दुसऱ्या दिवशी टँकरचा हॉर्न वाजताच मी खाली गेले. पाइप तिच्या ड्रममध्ये सोडायला लावला आणि दोन्ही ड्रम काठोकाठ भरेपर्यंत तिथून हलले नाही.